वर केलेलं बोट

बर्नाडेट हुडाकला अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक तिच्या हातचे पिरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, आणि दुसरी तिची जीभ. पिरोही ती नाताळ आणि ईस्टर अशी वर्षातून दोनदाच करायची. जीभ मात्र बाराही महिने चालू असायची.

चर्चच्या हॉलमध्ये लग्नं व्हायची तेव्हा तिच्या स्टीफन मामाचा पोल्का बँड वाजवायला असायचा, आणि पंधरा वर्षांची बर्नाडेट माइक लावायला. मामाचा अकॉर्डियन जरा अंगात आल्यासारखा वाजायला लागला की ती सरळ मंचावर चढायची. "मामा, नवरीच्या बापाला दोन शब्द बोलायचेत. तो मरायच्या आधी बोलू दे त्याला," असं सगळ्यांसमोर सांगायची. आवाज कुठे घुमतो, कुठल्या कोपऱ्यात अडकतो, कुठल्या भिंतीवर आपटून परत येतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिला ते कळायचं. मामा म्हणायचा, पोरीच्या कानात देव बसलाय. देव बसला असेल तर पुढे काय झालं ते त्यानेही बघितलंच असेल.

शाळा संपल्यावर ती टायरच्या कारखान्यात लागली. सगळं शहरच टायरवर जगत होतं. कोणी भेटलं की काय करतोस असं विचारायची पद्धत नव्हती, कुठल्या गेटला आहेस एवढंच विचारत. बर्नाडेट साचेखात्यात होती. कच्चा टायर साच्यात घालायचा, वाफेवर शिजवायचा आणि वाफ सोडून बाहेर काढायचा. वाफ सुटताना प्रत्येक साचा फुत्कारायचा, आणि असे ऐंशी साचे एका छपराखाली होते. तिथे ती अकरा वर्षं उभी राहिली.

वर्षातून एकदा कानाची तपासणी व्हायची. कानावर हेडफोन चढवायचे, हातात बटण धरायचं आणि बारीक आवाज आला की दाबायचं. नापास होईल त्याची रवानगी गोदामात, पोती उचलायला. बर्नाडेट एकदाही नापास झाली नाही. तपासणीच्या खोलीत नर्सबाईच्या मागे औषधांचं काचेचं कपाट होतं, आणि नर्सबाई आवाज सोडायची तेव्हा तिचा हात त्या काचेत दिसायचा. बर्नाडेट हाताकडे बघून बटण दाबायची. तिला ही युक्ती तिच्या आधीच्या बाईने सांगितली होती, आणि तिने ती पुढच्या बाईला सांगितली. सगळं खातं दरवर्षी पास. आपण कुणाला फसवतोय असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही, आणि आलं असतं तर नर्सबाईला फसवतोय असंच वाटलं असतं.

कारखाना बंद पडला तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं. घरात ती आणि धाकटा भाऊ रेजिस, एवढी दोनच माणसं. आई गेली तेव्हा रेजिस अकरा वर्षांचा होता, आणि बापाने त्याच्याही आधी फ्लोरिडाचा रस्ता धरलेला. तेव्हा रेजिसची ती बहीण कमी आणि हवालदार जास्त होती. त्याचे केस तीच कापायची, त्याच्या शाळेत तीच भांडायला जायची. रेजिसने कॉलेज सोडून गिटार धरली तेव्हा तिने आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी तळघरात जाऊन म्हणाली, "वाजवतोयस ते ठीक आहे, पण तो माइक भिंतीकडे तोंड करून का ठेवलायस, गाढवा?"

रेजिसच्या बँडचं नाव कोल्ड पॅच. पंक्चर काढताना ट्यूबला लावतात ना, ते ठिगळ. टायरच्या गावातल्या पोरांना दुसरं काय सुचणार. रेजिस गायचा आणि गिटार वाजवायचा, कॉर्लिस बेस गिटार वाजवायची आणि गस ड्रम बडवायचा. कॉर्लिस पाद्र्याची मुलगी. चर्चमध्ये वाजवून वाजवून तिचा हात असा बसला होता की ताल तिच्या बोटात नाही, हाडातच आहे असं वाटायचं. त्यांची गाणी मोठ्या रेडिओवर कधी लागली नाहीत. कॉलेजची पोरं आपापली छोटी केंद्रं चालवायची, तिथे रात्री-बेरात्री लागायची. ज्यांना ती आवडायची त्यांना वेड्यासारखी आवडायची, आणि ज्यांना आवडायची नाहीत ते खोलीतून उठून जायचे.

रेजिसचा आवाज बारीक होता. चांगला होता, पण बारीक. क्लीव्हलंडमधल्या पहिल्या कार्यक्रमात क्लबच्या माणसाने त्याला गिटारीखाली पार पुरून टाकलं. बर्नाडेट नुसती ऐकायला गेली होती. दुसऱ्या गाण्याला ती उठली, मागे आवाज बसवायच्या यंत्रापाशी, मिक्सरपाशी, गेली आणि त्या माणसाला म्हणाली, "बाजूला हो. तो माझा भाऊ आहे." माणूस बाजूला झाला. अशा वेळी माणसं तिच्यासमोरून बाजूला होत. तिने चार बटणं फिरवली आणि रेजिसचा आवाज त्या सगळ्या गोंगाटातून वर आला. कार्यक्रम संपल्यावर रेजिस घामाने निथळत तिच्याकडे आला. "बर्नी, आज पहिल्यांदा मी गातोय असं मला वाटलं," म्हणाला. "तू नसलीस तर मी नुसतं तोंड हलवतो."

हे वाक्य तिने जपून ठेवलं. कारखान्याने अकरा वर्षांत तिला असं एकही वाक्य दिलं नव्हतं.

ब्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत कोल्ड पॅच दौऱ्यावर निघाली. पाच आठवडे, एकोणतीस गावं, एक जुनी व्हॅन. गावोगावची पोरं फोनवर ठरवून कार्यक्रम करायची. जिथे वाजवायचं त्याच गावात कोणाच्या तरी घरी जमिनीवर झोपायचं, सकाळी ती मंडळी देतील ते खायचं आणि पुढचा रस्ता धरायचा. कुठे राजम्याची तिखट उसळ, कुठे कोबी घातलेल्या शेवया, तर कुठे नुसताच टोस्ट. बर्नाडेट व्हॅन चालवायची, घरमालकिणीची भांडी घासून द्यायची आणि संध्याकाळी आवाज बसवायची. रोजचा कार्यक्रम ती मिक्सरवरूनच कॅसेटवर उतरवून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी वाटेत सगळे मिळून ती ऐकायचे. कोण कुठे चुकला यावरून शंभर मैल आरामात भांडता यायचं.

एक गोष्ट मात्र तिने कोणाला सांगितली नव्हती. तिला झांजा ऐकू येत नव्हत्या.

म्हणजे गसने झांजेवर काठी मारली की ठण्ण ऐकू यायचं, पण त्यानंतरची ती चमकती सळसळ येत नव्हती. उन्हाळ्यात रातकिडे बंद झाले होते. फोनवर बाईमाणूस बोललं की शब्दांचे शेंडे गळून पडायचे. त्याऐवजी कानात सतत वाफ सुटल्यासारखा सूं सूं आवाज असायचा, झोपतानासुद्धा. तिला हे कधीपासून होत होतं ते आठवत नव्हतं. पण याचा अर्थ काय ते तिला चांगलं ठाऊक होतं. हे कळलं तर पोरं तिला बाजूला करतील. वाईट वाटून घेतील, मिठ्या मारतील, पण बाजूला करतील. मग ॲक्रनच्या रिकाम्या घरात बसून ती काय करणार? आणि रेजिसचा आवाज कोण वर काढणार? तो नुसतं तोंड हलवत राहील.

तिने यावर आपला उपाय शोधला होता. उपाय म्हणजे रेजिसचं बोट.

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर त्याच्या पायाशी एक स्पीकर ठेवतात, तोंड थेट त्याच्याकडे करून. गाता गाता तो काही बोलू शकत नाही, म्हणून खुणा करतो. बोट वर केलं की माझा आवाज वाढव. बोट खाली केलं की कमी कर. तळहात आडवा धरला की ठीक आहे. बर्नाडेटला स्वतःच्या कानांचा भरवसा उरला नव्हता, पण रेजिसच्या कानांचा होता. बावीस वर्षांचं पोर, त्याचे कान तर कोवळेच असणार. तो बोट वर करतोय म्हणजे अजून जागा आहे. मग ती त्याच्या पायाजवळचा स्पीकर वाढवायची, आणि त्याच अंदाजाने सगळ्या हॉलचा वरचा, तीक्ष्ण आवाजही वाढवायची. रेजिसला हवं ते लोकांनाही हवंच असणार, असा तिचा हिशेब होता. मंचावरचं ते बोट ती डोळ्यांत तेल घालून बघायची.

बोट रोज वर व्हायचं. टोलेडोत एकदोनदा झालं. ॲन आर्बरला चारदा. दौरा पुढे सरकला तसं ते वरच राहायला लागलं.

कॅलमझूच्या क्लबमालकाने तिला कार्यक्रम संपल्यावर गाठलं. "आवाज फार टोचतो हो तुमचा," तो म्हणाला.

"टोचायलाच तर येतात लोक," बर्नाडेट म्हणाली. "मऊ हवं असेल तर उशी विकत घ्या."

तो हसला, पण कानात बोट घालून हलवत हलवत गेला. तिने त्याकडे काणाडोळा केला. दुसऱ्या एका गावात पुढच्या रांगेतल्या दोन मुली तिसऱ्याच गाण्याला मागे जाऊन उभ्या राहिल्या. तेही तिने बघितलं, आणि मंचाकडे बघितलं. रेजिसचं बोट वर होतं. बर्नाडेटने वाढवलं. कॉर्लिस सिगारेटचे फिल्टर तोडून कानात घालायला लागली होती. गसने तिचं बघून कागदाचे बोळे कोंबले. रेजिस काही घालत नव्हता. घातलं की स्वतःचा आवाज लांब गेल्यासारखा वाटतो म्हणायचा.

मॅडिसनहून मिनिॲपोलिसला जाताना दोन्ही बाजूंना बर्फ होता आणि रस्ता सरळ होता. बर्नाडेट चालवत होती, रेजिस तिच्या शेजारी बसला होता. मागून कॉर्लिसने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बर्नी, राग मानू नकोस."

"हे वाक्य ऐकलं की मला आधीच राग येतो. बोल."

"तीन कॅसेट लावायच्यात. एकच गाणं, तीन गावांतलं. भांडायचं असेल तर तिन्ही झाल्यावर भांड."

"गस, हिला काय झालंय?" बर्नाडेटने आरशातून विचारलं.

"मला मध्ये घेऊ नका," गस म्हणाला. "मी ड्रमवाला आहे. मला कोणी काही विचारत नाही हेच बरं असतं."

कॉर्लिसने पुढे वाकून टोलेडोची कॅसेट लावली. गाणं वाजलं. अर्ध्यावर तिने ती काढली आणि कॅलमझूची लावली. नंतर कालची, मॅडिसनची. मॅडिसनची सुरू झाली आणि आरशात बर्नाडेटला गसचा चेहरा दिसला. त्याने डोळे घट्ट मिटले होते आणि दात आवळले होते.

"बंद कर गं," तो ओरडला. "माझ्या दाढेत जातंय."

कॉर्लिसने बंद केलं.

"आता सांग," कॉर्लिस म्हणाली. "मी तुला शिकवत नाहीये. तू मला वायर गुंडाळायला शिकवलंस. पण रोज तू वरचा आवाज वाढवतेयस, आणि आता ते ऐकवत नाही. खरंच ऐकवत नाही, बर्नी. काल पुढे उभ्या असलेल्या एका पोरीच्या कानातून... जाऊ दे. ती रडत होती बाहेर."

बर्नाडेटला तिन्ही कॅसेट अगदी एकसारख्या वाटल्या होत्या. एका केसाचाही फरक नव्हता. तिन्हींमध्ये रेजिस छान गात होता, थोडा लांबून, थोडा गोधडीतून गातो तसा, पण छान. आपलं बिंग आता फुटलं, हे तिला कळलं. रडणाऱ्या त्या मुलीचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं, तरी ते तिच्या समोर आलं. ती समोरच्या बर्फाकडे बघत गाडी चालवत राहिली.

तेवढ्यात रेजिस बोलला. "मला तर तिन्ही सारख्याच वाटल्या."

"रेजिस," कॉर्लिस म्हणाली.

"सारख्याच आहेत. तुम्ही दोघं कानात कचरा भरून वाजवता आणि मग म्हणता फरक आहे. बर्नीला काही बोलायचं नाही. ती आहे म्हणून मी ऐकू येतो."

तो खोटं बोलतोय असंच बर्नाडेटला वाटलं. तिच्यासाठी, तिची लाज राखायला, ढळढळीत खोटं. लहानपणी तिने सांडलेलं दूध तो स्वतःच्या अंगावर घ्यायचा तसं. नऊ वर्षांनी धाकटा भाऊ आपल्याला पाठीशी घालतोय याचं तिला इतकं भरून आलं, आणि त्याच वेळी इतकी शरम वाटली, की पुढचे दहा मैल तिला मागच्या गाड्या नीट दिसल्या नाहीत. याला आता यापुढे आपल्यासाठी खोटं बोलायला लावायचं नाही, असं तिने ठरवलं.

"कॉर्लिस," ती शेवटी म्हणाली. "आज तिथल्या माणसाला लावू दे आवाज. मी बघीन बाजूला उभी राहून."

"एकच दिवस," कॉर्लिस म्हणाली. "तुझ्या कानांना विश्रांती म्हणून. तू थकलीयस."

"मी काही थकलेबिकले नाहीये. पण दिला तुला एक दिवस. वरून उपकार म्हणून."

गस हसला. कॉर्लिसने मागून तिच्या डोक्याला ओठ टेकवले. रेजिस खिडकीबाहेर बघत होता.

मिनिॲपोलिसच्या क्लबमध्ये पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या होत्या. जमिनीला कालच्या बिअरचा चिकटपणा होता, आणि काउंटरमागे एक बाई लिंबं कापत बसली होती. तिथला आवाजाचा माणूस ऑरिन. जाडा, संथ, दाढीवाला. बर्नाडेटच्या नावाचा बोलबाला त्याच्यापर्यंत पोचलेला दिसत होता, कारण तो आदराने वागला.

"हुडाकबाई, तुम्ही म्हणत असाल तर मी नुसता उभा राहतो," तो म्हणाला.

"नको, तूच लाव. मी आज पाहुणी आहे. फक्त गाणाऱ्याच्या पायाजवळचा स्पीकर नीट बघ. तो माझा भाऊ आहे."

"तोच आधी लावू."

ही कामाची जुनी रीत. स्पीकर हळूहळू वाढवत न्यायचा. एका मर्यादेनंतर माइक आणि स्पीकर एकमेकांच्या तोंडात तोंड घालतात आणि शिट्टी वाजायला लागते. शिट्टी वाजली की मिक्सरवरच्या कुठल्या पट्टीने ती जाते ते शोधायचं आणि ती पट्टी खाली ओढायची. मग परत वाढवायचं. असं चार-पाच शिट्ट्या बंद होईपर्यंत. बर्नाडेटने हे चर्चच्या हॉलमध्ये हजारदा केलं होतं. या दौऱ्यात मात्र ती मिक्सरवरच्या लाल दिव्यांकडे बघून करत होती, आणि दिव्यांना वरच्या शिट्ट्या फारशा कळत नाहीत.

रेजिस माइकसमोर जाऊन उभा राहिला. कॉर्लिस मंचाच्या कडेला बेसचा पट्टा गळ्यात अडकवत होती, गस झांजेचा स्क्रू पिळत होता. ऑरिनने वाढवायला सुरुवात केली. पहिली शिट्टी जाडीभरडी होती, ती बर्नाडेटलाही आली. ऑरिनने ती घालवली. दुसरीही घालवली. मग त्याने आणखी वर नेलं.

बर्नाडेटला काही ऐकू आलं नाही. कानातली नेहमीची वाफ तेवढी होती. पण काउंटरमागच्या बाईच्या हातातली सुरी खाली पडली. बाईने दोन्ही कान दाबून धरले. कॉर्लिस गर्रकन वळली, तिचे तळहात कानांवर, चेहरा वाकडा. गस ड्रमच्या मागे खाली बसला, नुसतं डोकं दिसत होतं. शेजारी ऑरिन दात आवळून एकेक पट्टी चाचपत होता, आणि त्याला चटकन सापडत नव्हती.

या सगळ्यांच्या मधोमध रेजिस उभा होता. स्पीकर त्याच्यापासून दीड हातावर होता, तोंड थेट त्याच्या तोंडाकडे. ती शिट्टी निघत होती त्याच्यासमोरूनच. तो शांत होता. ओठ माइकपाशी, डोळे बर्नाडेटवर, रोज असायचे तसे, विश्वासाने. तो काहीतरी गुणगुणला. थोडा वेळ वाट बघितली. मग त्याने उजवा हात उचलला आणि बोट वर केलं.

बर्नाडेटने ऑरिनचा हात बाजूला ढकलून सगळ्या आवाजाचा मोठा दांडा खालपर्यंत ओढला. काउंटरमागच्या बाईने शिवी हासडली. कॉर्लिसने हात खाली घेतले.

"का बंद केलंस?" रेजिसने मंचावरून विचारलं. "आत्ता कुठे थोडं यायला लागलं होतं."

बर्नाडेट चालत मंचापाशी गेली. ती वर चढली, त्याच्या पायाजवळचा स्पीकर दोन्ही हातांनी धरला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग त्याच्यासमोर उभी राहिली, इतकी जवळ की त्याला मागे सरकावं लागलं.

"किती दिवस झाले, रेजिस?"

"कशाला?"

"नीट ऐकू येईनासं होऊन."

तो हसला. "मला काय झालंय? तूच कमी करत चाललीयस. टोलेडोपासून बघतोय. मी बोट वर करतो, तू वाढवतेस, दुसऱ्या दिवशी परत कमी. मला वाटलं, माझा आवाज बिघडलाय आणि तू तो झाकतेयस. मला वाईट वाटू नये म्हणून बोलत नाहीयेस. मग मीही बोललो नाही."

"मी एकदाही कमी केलेलं नाही."

"बर्नी..."

"एकदाही नाही. रोज वाढवलंय." तिने त्याची बाही धरली. "गाडीत म्हणालास तिन्ही कॅसेट सारख्या आहेत. ते माझ्यासाठी म्हणालास ना? मला वाचवायला?"

रेजिसने तिच्याकडे न समजल्यासारखं बघितलं. "तुला कशापासून वाचवायचं होतं? सारख्याच होत्या त्या."

मग तिने सांगितलं. तिथेच, ऑरिनच्या आणि लिंबं कापणाऱ्या बाईच्या देखत सांगितलं. झांजा ऐकू येत नाहीत, रातकिडे ऐकू येत नाहीत, आत्ताची शिट्टी वाजली तेव्हा तिला ती फक्त लोकांच्या तोंडावर दिसली. कारखान्यात कान गेले आणि हे तिला माहीत होतं. माहीत असून ती मिक्सरपाशी उभी राहत होती. "मी तुझं बोट बघून वाढवत होते," ती म्हणाली. "मला वाटलं तुझे कान चांगले आहेत. तुझे कान चांगले आहेत एवढ्यावरच माझं सगळं चाललं होतं. आणि मी रोज ते..." स्वतःची इतकी किळस तिला आयुष्यात कधी आली नव्हती. ज्या हाताने त्याला घास भरवला तो हात तिला कापून टाकावासा वाटला.

रेजिसने स्पीकरकडे बघितलं, भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या. मग त्याने माइकवर बोटाने टकटक केलं, सवयीने, बंद आहे हे माहीत असून. त्याचा चेहरा एकदम लहान झाला.

"म्हणजे आपण दोघंही," तो म्हणाला आणि थांबला.

"आज तू माइकपाशी जायचं नाहीस. उद्याही नाही. डॉक्टरकडे जायचं."

"माझ्याशिवाय कोण गाणार?"

"कोणी नाही. आज कोणी गाणार नाही."

त्यांच्या मागे कॉर्लिस येऊन उभी राहिली होती. बर्नाडेटला ती दिसली. तिचे डोळे भरले होते आणि ओठ हलत होते. ती हळू आवाजात काहीतरी सांगत होती, दोघांकडे आळीपाळीने बघत, आणि ते महत्त्वाचं असावं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. सांगून झाल्यावर ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.

बर्नाडेट रेजिसकडे वळली. "काय म्हणाली ती?"

"मी तुलाच विचारणार होतो," रेजिस म्हणाला.